राणीछाप

भिलाईच्या जुनवानीत दुर्मीळ पुस्तिकेचा मालक एकच आहे, आणि ही बातमी त्याने स्वतःच घरोघरी पोचवली आहे. तो म्हणजे प्रस्तुत लेखक. पुस्तिका 1904 ची; मध्य प्रांतातल्या सोन्याचांदीच्या कामावर एच. नन या आयसीएस अधिकाऱ्याने लिहिलेली. पुढे 1916 मध्ये रसेल आणि हिरालाल यांचा जातीजमातींवरचा चार खंडी ग्रंथ निघाला, त्यात सोनारांसाठी तिचा आधार घेतलेला आहे. पुस्तिका निघाली तेव्हा इथला दुर्ग जिल्हासुद्धा नव्हता. तो 1906 चा. भिलाईची पहिली झोतभट्टी तर 1959 ची. ‘सौ सुनार की, एक लोहार की’ हा वाद ज्या गावाने लोहाराच्या बाजूने कायमचा मिटवला, तिथे चांदीची पुस्तिका बाळगायला छाती लागते, असं लेखकाचं मत. शेजाऱ्यांच्या मते कपाट लागतं.

पुस्तिका मध्य प्रांताची असली तरी ती हातात आली की लेखक थेट लंडनला जातो. पाहुण्याने चहाचा पहिला घोट घेतला की 1300 साल उगवतं. पहिल्या एडवर्डचा कायदा: चांदी हजारात 925 हवी, आणि तपासलेल्या भांड्यावर बिबट्याचं डोकं. 1478 पासून दरवर्षी बदलणारं अक्षर. ते शोभेला नव्हे, भेसळ निघाली तर त्या वर्षीच्या तपासनिसाची मानगूट धरता यावी म्हणून. 1544 मध्ये चालता सिंह आला. 1784 ते 1890 कर भरल्याची खूण म्हणून राजाराणीचं मुंडकंही उमटे. आणि 1821 मध्ये बिबट्याच्या डोक्यावरचा मुकुट उतरला. या मुकुटाबद्दल लेखक इतक्या हळहळीने बोलतो की एका पाहुण्याने हळूच विचारलं, “घरातलं कोणी गेलं का?”

“अहो, चहा निवला त्यांचा,” बायको म्हणते. तिचं माहेर खामगाव, विदर्भाची रजतनगरी. “आमच्या खामगावच्या चांदीला बिबट्या लागत नाही.” तिच्या ताम्हणावर एकही छाप नाही, आणि शुद्धतेचा टंच काढायला ती कोणाला हात लावू देत नाही.

लेखकाचा खरा मुखभंग भाजीवालीने केला. तिच्या गळ्यात रुपयांची माळ असते: काळा गोफ, प्रत्येक नाण्याच्या माथ्यावर डाक देऊन बसवलेली कडी, आणि वापरून वापरून व्हिक्टोरियाचं नाक सपाट. लेखकाने भर बाजारात खिशातून भिंग काढलं. “रानी छाप आय, बाबू,” ती म्हणाली आणि वांगी तोलत राहिली.

भिंगाने याहून जास्त काही सांगितलं नसतं. राणीछाप रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, 11.66 ग्रॅम, हजारात 917 चांदी. 1940 मध्ये सरकारने ती 500 वर आणली; तो रुपया ही बाई माळेत घेत नाही. इंग्रजांनी हिंदुस्थानात दागिन्यांसाठी हॉलमार्कचं कार्यालय उघडलं नाही. बायकांनी टांकसाळीलाच कामाला लावलं. तिकडे चमच्यामागे राणीचं नखाएवढं मुंडकं. इकडे राणीच गळ्यात.

माळ तरी बोलते. पायातले तोडे बोलत नाहीत. दवाखान्याच्या खर्चासाठी एखादी बाई तोडे मोडायला जाते तेव्हा घडणावळ आधीच बुडालेली असते. त्यात डाकेची घट धरतात. वर “टंच कमी आहे” एवढं एक वाक्य, आणि ते खोडून काढायला तिच्या हाती काही नसतं. सोन्याला 16 जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्कची सक्ती आली. चांदीचा हॉलमार्क 2005 पासून आहे, सप्टेंबर 2025 पासून त्याला सहा अक्षरी ओळख क्रमांकही जोडला, पण हा सगळा मामला ऐच्छिक. ज्याला सोनं परवडतं त्याला कायद्याचा आधार, आणि जिची सगळी शिल्लक पायात आहे तिने दुकानदाराच्या इच्छेवर राहायचं. यावर बोलताना लेखकाला बिबट्या आठवत नाही, त्याचा मुकुटही नाही.

आता दुर्गकडच्या रुपयामाळांवर स्वतःच पुस्तिका लिहायची त्याने ठरवली आहे. शीर्षक झालं, अर्पणपत्रिका झाली, डोळ्याला भिंग लावलेला लेखकाचा फोटोही काढून झाला. भाजीवाली माळेचा फोटो द्यायला तयार आहे. पण आधी मागची उधारी चुकती करा, म्हणते.