जुन्या फोनचे काका

ओझरच्या विमान कारखान्यात किंवा सातपूरच्या एखाद्या कंपनीत मेंटेनन्सला जन्म काढलेला माणूस निवृत्त होऊन घरी बसला की दोन वाटा फुटतात. एक जण सकाळी जॉगिंग ट्रॅकवर जातो, येताना मिसळ खातो आणि सुखी होतो. दुसरा घरात राहतो आणि वस्तू उघडतो. नाशिकच्या प्रत्येक सोसायटीत या दुसऱ्या जातीचा किमान एक नमुना सापडतो. आमच्याकडचे काका तर अगदी अस्सल वाण. त्यांच्यासमोर 'जुना मोबाइल पडून आहे' एवढं म्हणावं, की त्यांचे डोळे लकाकतात.

"पडून? चालू वस्तू?"

सुनेने नवा फोन घेतला आणि जुना, कोपऱ्यात तडा गेलेला, काकांच्या हाती लागला. काकांचं म्हणणं सरळ होतं. बाजारात टीव्हीला लावायची स्टिक मिळते, तिच्यात असतं काय? प्रोसेसर, थोडी मेमरी, वायफाय आणि अँड्रॉइड. फोनमध्ये हे सगळं आहेच, शिवाय पडदा, कॅमेरा, बॅटरी वर फुकट. मग त्याच वस्तूसाठी दुकानदाराला पुन्हा पैसे का द्यायचे? गूगलने 2013 साली टीव्हीला लावायचा क्रोमकास्ट काढला तो 35 डॉलरला आणि 2024 साली बनवायचा बंदही केला, हा इतिहास ते पुराव्यासारखा सांगतात. "त्यांनी टाकून दिलं, आपण नाही टाकायचं." खरं सांगायचं तर या युक्तिवादात चूक काढता येत नाही. काकांचे सगळेच युक्तिवाद बिनचूक असतात. फसते ती वायर.

कारण फोनमधलं चित्र बाहेर काढायचं कुठून? काकांनी महात्मा गांधी रोडवरच्या मोबाइलच्या दुकानातून टाइप-सीचं एचडीएमआय कन्व्हर्टर आणलं. टीव्ही म्हणाला, 'नो सिग्नल'. दुसरं आणलं, जरा महागातलं. तेच. मग कळलं की टाइप-सीचं भोक दिसायला सगळीकडे सारखं असलं, तरी त्यातून चित्र बाहेर येण्याची सोय बहुतेक स्वस्त फोनांत कंपनी ठेवतच नाही. एवढ्यावर माघार घेतील तर ते काका कसले? यूएसबीतूनच चित्र ओढून काढणारं वेगळं, आणखी महाग यंत्र असतं, ते आलं. मग हब, मग लांब केबल, मग लांबून चालवायला बिनवायरचा माउस. काकांच्या हिशेबाची वही मी पाहिली आहे. खर्चाच्या बाजूला फोनची किंमत शून्य, कारण तो घरातलाच. पाहुण्यांना सांगताना मात्र 'बारा हजारांचं मशीन लावलंय टीव्हीला'. स्टिकची किंमत कधीच मागे पडली होती, पण ती त्या वहीत कुठल्याच बाजूला नव्हती.

चित्र आलं, पण उभं. मधोमध सडपातळ पट्टी आणि दोन्हीकडे काळोख. तडा गेल्यापासून फोनच्या पडद्याचा वरचा भाग बोट ओळखत नव्हता, त्यामुळे ऑटो-रोटेटचं बटण दाबून चित्र आडवंच पक्कं करायची सोय नव्हती. (माउसने ते दाबता येतं, असं मी सुचवून पाहिलं. काकांना दुसऱ्याचे उपाय चालत नाहीत.) त्यांनी फोन चिवड्याच्या रिकाम्या डब्याला आडवा टेकवला. चित्र आडवं झालं. पण हॉलमधून कुणी जोरात चाललं, की डबा हलायचा, फोन कलायचा आणि चालू बातम्यांतला निवेदक एकदम लांबुळका व्हायचा. तेव्हापासून त्या घरात सगळे चोरपावलांनी वावरतात.

उन्हाळ्यात फोन तापायला लागला. त्याच्यासाठी टेबलफॅन आला आणि काकू घामाघूम. पुढे चोवीस तास चार्जरवर राहून बॅटरी फुगली, मागचं झाकण उचललं गेलं. यावर मात्र काका एकदम शहाण्यासारखे वागले, हे नोंदवलं पाहिजे. फुगलेल्या बॅटरीला टोचायचं नाही, दाबायचं नाही, कचऱ्याच्या घंटागाडीतही टाकायचं नाही, हे त्यांनी सोसायटीतल्या पोरांना गोळा करून सांगितलं. फोन ताबडतोब बंद केला आणि दुकानातून नवी बॅटरी बसवून आणली. चार्जरला टायमर लावला. वहीत आणखी दोन ओळी.

खरा पेच वेगळाच निघाला. पैसे घेऊन मालिका दाखवणारी ॲप्स आपलं चित्र असं आडवाटेने टीव्हीवर जाऊ देत नाहीत. आवाज येतो, पडदा काळा. काकूंनी त्यांची मालिका पंधरवडाभर अशी ऐकली. सासू कुणाला बोलली हे कळायचं, सुनेचं तोंड केवढं झालं ते कळायचं नाही. काकांनी मग फोनमधलं मूळ सॉफ्टवेअर उडवून दुसरं भरलं आणि नवी वायरही आणली. चित्र दिसलं, पण ॲपचा फोनवरचा विश्वास उडाला. वाइडवाइन नावाचं कुलूप असतं, त्याने हा फोन एल-वन पातळीवरून एल-थ्रीला उतरवला. म्हणजे टीव्ही 43 इंची आणि चित्र 480 रेघांचं. सासूही धूसर, सूनही धूसर.

चित्रापायी असं झपाटून जायला या गावचं पाणीच तसं आहे, असं काकांचं मत. दादासाहेब फाळके 1870 साली त्र्यंबकेश्वरला जन्मले आणि पुढे चित्रपटांचा संसार त्यांनी नाशिकलाच थाटला. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याला कोंब फुटताना एकेक चित्र घेत दिवसचे दिवस टिपलं. कच्च्या फिल्मला कडेची भोकं नसायची, ती अंधारात बसून पाडावी लागत आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई ती पाडत. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. तिथे गेल्यावर काका हटकून हे सांगतात आणि काकूंकडे अर्थपूर्ण बघतात.

"त्यांना निदान शेवटी चित्र तरी दिसलं," काकू म्हणतात.

क्रिकेटच्या मॅचला काकांनी मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावलं. त्या दिवशी काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी स्वतःचा रोजचा फोनच टीव्हीवर चढवला. अठरावी ओव्हर, सगळे श्वास रोखून, आणि पडद्याच्या वरून निरोप सरकत आला: 'खालचे नाना वर्गणीला निघालेत, दार उघडू नका.' नाना पहिल्या खुर्चीत बसले होते. काकांनी शांतपणे वर्गणी दिली. ती वहीत लिहिली की नाही, ठाऊक नाही.

गंमत म्हणजे काका टीव्ही बघतच नाहीत. चित्र नीट आलं की त्यांचा रस संपतो. ते उठून जातात आणि नीट चाललेल्या कशाला तरी हात घालतात. परवा ते वणीच्या गडावर गेले, तेव्हा काकूंसाठी कॅलेंडरच्या पाठीवर सूचना लिहून भिंतीला लावून गेले. आधी टायमर, मग फॅन, मग हब, मग फोन. माउस उलटा धरू नये. चित्र उभं झाल्यास डबा पाव इंच डावीकडे. मालिका संपेपर्यंत हॉलमध्ये चालू नये. सात कलमं, सुवाच्य अक्षरात, खाली सही आणि तारीख. सहीखाली काकूंच्या अक्षरात आठवं होतं: '8. शेजारी जाऊन बघावे.'