फियाटनिष्ठा

कडावच्या बालदिगंबर गणपतीसमोर जिच्या चाकाखाली लिंबू ठेवायचे ती मोटार कोणत्या कारखान्याची असावी, हा प्रश्न कर्जत-खालापूरकडच्या जुन्या घरांत वस्तुतः कधी उपस्थितच होत नाही. पहिल्या खरेदीदाराने तो एकदाच निकालात काढलेला असतो आणि वारसांनी इनामाच्या सनदेप्रमाणे त्यावर फक्त आपले नाव दाखल करून घ्यायचे असते. वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट, जी 1970 च्या दशकात चित्तोडच्या राणीचे नाव धारण करून पद्मिनी झाली, तिच्यासाठी अर्ज गुदरून वर्षानुवर्षे तिष्ठावे लागे; आणि जिच्यासाठी इतके तिष्ठलो तिच्यात दोष असू शकतो, ही तक्रार मानवी स्वभाव दाखलच करून घेत नाही. म्हणून खोपोलीहून बोरघाट चढताना बॉनेट उघडून, फडक्याने रेडिएटरचे झाकण पिळून कॅनमधले पाणी ओतावे लागले, तर कसूर घाटाचा, उन्हाचा, फार तर घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळात नाणे न टाकणाऱ्या धाकट्या मेव्हण्याचा. गाडीचा कदापि नव्हे. शेजाऱ्याची अँबॅसिडर थांबली की मात्र चौकशी थेट तिच्या कुळशीलापर्यंत जाई.

डिसेंबर 1983 मध्ये अवतरलेल्या मारुतीला ‘पत्र्याचा डबा’ म्हणून हिणवणारे हेच निष्ठावंत, 2000 च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबताच, त्याच डब्याचे एकनिष्ठ उपासक झाले, आणि आपण पक्ष बदलला हे त्यांच्या गावीही नाही. हल्ली विजेवरची मोटार त्यांच्या लेखी खेळणे आहे. चिरंजिवांनी चार्जरसाठी वीजभार वाढवून मिळण्याचा अर्ज लिहून ठेवला आहे. मीटर वडिलांच्या नावावर असल्यामुळे तो सहीवाचून तहकूब आहे.