दिवाळीतील दयाबुद्धीचा जमाखर्च

दीपावली समीप आली की जळगावच्या सधन वस्त्यांत ज्या अनेक वस्तूंचा भाव चढतो, त्यांत अंतःकरणाचीही गणना करावी लागते. कारण एरवी वर्षभर जिचा मागमूस लागत नाही, ती दयाबुद्धी धनत्रयोदशीच्या सुमारास अकस्मात जागृत होऊन फराळाची पाकिटे, जुने कपडे आणि एक छायाचित्रकार अशा सरंजामानिशी चोपडा-यावल-रावेरकडील सातपुड्यातल्या पावरा आणि तडवी वस्त्यांकडे कूच करते. पाड्यावरचे लोक स्वभावतः सुसंस्कृत असल्यामुळे पाहुण्यांचा हिरमोड करीत नाहीत. छायाचित्र मनाजोगे निघेपर्यंत चिवड्याचे पाकीट दोन्ही हातांत धरून तिष्ठत उभे राहतात, आणि माझ्या मते त्या दिवशी खरे दान तेच करतात.

कृतज्ञतेची आमची परंपरा तशी पुरातन आहे. पोळ्याला बैलाचे खांदे हळद-तुपाने मळून त्यास पुरणपोळी चारावी आणि मग त्याच खांद्यांवर पुन्हा जू ठेवावे, हा खानदेशातला दस्तुर; बैलाने त्यावर हरकत घेतल्याचे कोणत्याही दप्तरी नमूद नाही. सालदाराची, म्हणजे सालाच्या करारावर राबणाऱ्या शेतगड्याची, गतही बैलाहून फारशी निराळी नाही. त्याचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपते, आणि आगाऊ घेतलेली उचल किती फिटली याची रुजुवात करतेवेळी, दिवाळीत दिलेला सदरा मालकास हटकून स्मरतो.

तेव्हा मेहेरबान दात्यांस विनंती एवढीच की, यंदाही फराळ खुशाल वाटावा. परंतु तत्पूर्वी आपल्या सालदाराची थकबाकी चुकती करून पावती घ्यावी, आणि छायाचित्र काढणे अपरिहार्यच असेल तर त्या पावतीचे काढावे.