पुणे ते महाबळेश्वर : एका आवाजाची चौकशी

जुन्या मोटारीतून प्रवासास निघालेल्या मनुष्याच्या डोळ्यांची सोय निसर्गाने कितीही मुबलक करून ठेवली असली, तरी त्याचा सारा प्रवास कानांनीच होतो. कात्रजचा घाट ओलांडून आम्ही साताऱ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा डाव्या हातास पुरंदर आणि उजवीकडे लांबवर राजगड-तोरणा आश्विनातल्या स्वच्छ उन्हात उभे होते. परंतु त्यांच्याकडे कोणी मान वळवून पाहिल्याचे मला स्मरत नाही, कारण खेड-शिवापूर मागे पडते न पडते तोच मोटारीच्या अधोभागातून एक गंभीर, अखंड आणि वेगाबरोबर वर चढत जाणारा ध्वनी निघू लागला होता.

मोटार अनंतरावांची. तिचे कुलगोत्र येथे सांगत नाही, कारण वृद्धापकाळाची कुरकुर हा कोणत्याही घराण्यावर ठेवण्याजोगा ठपका नव्हे. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला आणि इंजिनाची शक्ती लांबलचक शाफ्टाने मागच्या चाकांपर्यंत नेण्याची रीत, एवढे सांगितले म्हणजे जाणत्याला तिच्या वयाचा अदमास येईल. आवाज मुळी येतच नाही, हा अनंतरावांचा पहिला पवित्रा. तो टिकेना, तेव्हा रस्ताच तसा आहे, हा दुसरा. आणि शेजारून जाणारी एस.टी. निघून गेल्यावरही तो चालूच राहिला, तेव्हा ‘या गाड्यांना एवढा असतोच’ हा तिसरा व अखेरचा.

माझे भावजी जिल्हा कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले असल्यामुळे तोंडी तक्रारीवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी खिशातून वही काढून आवाजाचा रीतसर पंचनामा सुरू केला. सारोळ्याच्या अलीकडे ‘गुरगुर’. नीरा ओलांडल्यावर ‘घोंगाव’. शिरवळास चहासाठी थांबलो असता ‘मोटार उभी, आवाज गैरहजर’. आणि खंबाटकीच्या घाटात, मागे बसलेल्या आत्याबाई डोळे मिटून वाईच्या ढोल्या गणपतीला नारळ कबूल करीत असताना, ‘उजव्या वळणास वाढ, डाव्या वळणास घट.’ ही शेवटची नोंद त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा अनंतरावांनी आरशातून त्यांच्याकडे जो कटाक्ष टाकला, तो भावजींच्या नोकरीच्या काळात एखाद्या हाताखालच्या कारकुनाने टाकला असता तर त्याची बदली अटळ होती.

सुरूरच्या फाट्यावरून वळून आम्ही वाईस पोहोचलो. ज्या गावी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाची रचना झाली, ज्याचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला, त्या गावी आमच्या प्रश्नाला उत्तर मिळू नये असे होणार नाही, अशी माझी श्रद्धा होती. मात्र ते उत्तर कृष्णाकाठच्या कोणा पंडिताकडून न येता, पत्र्याच्या शेडखाली बनियनवर उभ्या असलेल्या एका मिस्त्रींकडून आले.

भावजी वही उघडून ‘गुरगुर’पासून आरंभ करणार, तोच मिस्त्री म्हणाले, “साहेब, कसा येतोय ते ऱ्हाऊ द्या, कधी येतोय ते सांगा.” आणि मग उलटतपासणी झाली ती अशी, की कोणा वकिलाने ऐकून घ्यावी. जागेवर इंजिन रेस केले तर येतो का? नाही. चालत्या गाडीत क्लच दाबला, इंजिनाचा जोर उतरला, तर थांबतो का? थांबत नाही. म्हणजे इंजिन सुटले. चाकाबरोबर फिरणारे काहीतरी आरोपी. वळणावर बदलतो का? येथे भावजींनी खंबाटकीची नोंद वाचली, आणि तिचा असा सन्मान झाला की कचेरीतल्या उभ्या आयुष्यात त्यांच्या कोणत्याही टिपणाचा झाला नसेल. “बास! उजवीकडं वळताना भार डाव्या अंगाला येतो. डाव्या चाकाचं बेअरिंग.”

अनंतरावांच्या समाधानासाठी मिस्त्रींनी तरीही बॉनेट उघडले, लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनावर ठिकठिकाणी टेकवून त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि टॅपेटांची टिकटिक ऐकून मान डोलावली. टॅपेट थोडे वाजलेलेच बरे, अगदी मुके झाले तर व्हाल्व नीट बसत नाही आणि जळतो, हे ऐकून अनंतरावांना आपल्या मोटारीत एक तरी आवाज सद्गुणात मोडतो याचे परम समाधान वाटले.

मग पुढचे डावे चाक जॅकवर उचलले गेले. मिस्त्रींनी एका हाताने ते फिरवले व दुसऱ्या हाताची बोटे आतल्या स्प्रिंगवर अलगद ठेवून मलाही ठेवावयास लावली. कान ज्याचे वर्णन करताना थकले होते, ती खरखर बोटांना तत्काळ कळली. चाक वर-खाली धरून हलवताच ते किंचित डुलले. टोपी काढली, आत ग्रीस काजळासारखे काळे, आणि पुसून पाहिलेल्या रोलरांवर बारीक खड्डे. नवे बेअरिंग आले. मिस्त्रींनी तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन ते त्यात असे दाबले, की एका कडेने शिरलेले ग्रीस दुसऱ्या कडेने वर आले. नट आवळून पुन्हा हलकासा सैल केला, कारण घट्ट बसवलेले बेअरिंग तापून मरते. मग स्प्लिट पिन. जाता जाता डिकी उघडून त्यांनी स्टेपनीवर आपटत असलेला भावजींचा फिरकीचा तांब्या काढून मुकाट्याने त्यांच्या हाती दिला. त्याची नोंद वहीत झाली नाही.

पसरणीच्या घाटास लागलो तो काय ती शांतता! पण मोठा आवाज गेला म्हणजे त्याच्याखाली दडपलेले लहान आवाज आपापल्या दरखास्ती घेऊन पुढे येतात. तिसऱ्या गिअरमध्ये चढताना इंजिनातून खडे वाजल्यासारखे नॉकिंग ऐकू आले. अनंतरावांनी दुसरा टाकताच ते मिटले. दाराच्या काचेची थरथर, डॅशबोर्डाची किरकिर. भावजींनी नवे पान उघडले आणि प्रत्येक फिर्यादीचा खुलासा सविस्तर, मुद्देसूद व पाचगणीच्या नाक्यापर्यंत अखंड चालवला. महाबळेश्वर दृष्टिपथात आल्यावर आत्याबाईंनी मौन सोडले.

“अनंता, ते जुनं बेअरिंग टाकून नाही ना दिलंस? परतताना बसवून घे रे बाबा. त्या घरघरीत जावईबापूंचं बोलणं निदान ऐकू तरी येत नव्हतं.”