आज्ञार्थात पैकीच्या पैकी

रामनगरहून काशी हिंदू विश्वविद्यालयात जायला आता सामनेघाटाचा पूल आहे. पूर्वी पावसाळा सरला की गंगेवर पिप्यांचा पूल बांधत. पूर आला की नावेवाल्याची मर्जी. माझा भाचा रोज हा पूल ओलांडतो तो मराठी शिकायला. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीतच भांडणं होत असताना त्याला मराठीच्या वर्गाला बसावं लागतं, याचं शेजारच्या मिश्राजींना फार नवल वाटतं.

त्याची मराठी कुठून आली हे पाहिलं की नवल उरत नाही. ती आली आजीकडून, म्हणजे माझ्या आईकडून, आणि आई मुलांशी एकाच अर्थात बोलते, तो म्हणजे आज्ञार्थ. ऊठ, दात घास, पान वाढलंय, ये, ताटात टाकू नकोस. रामलीलेच्या दिवसांत तर विचारू नका. इथली लीला एका जागी होत नाही. आज अयोध्या, उद्या जनकपूर, असे प्रसंगागणिक तळ बदलतात, आणि माणसं लीलेमागे चालत जातात. त्या गर्दीत आई नातवाचं मनगट धरून म्हणायची, "चल, पाय उचल, लंका लांब आहे!" (विद्यापीठाच्या फाटकाबाहेरची वस्तीही लंकाच. तेव्हा पोरगा अजून लंकेलाच जातो म्हणायचं.)

तर आज्ञार्थात याला पैकीच्या पैकी. अडला तो निबंधात. 'माझी दिनचर्या' लिहायला सांगितली, तर याने सुरुवात केली, 'आम्ही सकाळी उठतो.' पुढे आम्ही दात घासतो, आम्ही सायकल काढतो. बनारसी माणूस एकटा असला तरी 'हम'च असतो, त्याला पोरगं काय करणार? सरांनी हसून विचारलं, "बरोबर आणखी कोण असतं?" रामनगरात एकट्याने 'आम्ही' म्हणायचा मान खरं तर किल्ल्यातल्या महाराजांचा. शिवाय 'चांगली पुस्तक' आणि 'एक मोठा व्यक्ती' हे होतंच. हिंदीत नपुंसकलिंगच नाही, त्यामुळे त्याचं पुस्तक बाई होतं; आणि हिंदीतली व्यक्ती पुल्लिंगी, म्हणून ती बुवा.

अमेरिकेतही हाच घोळ आहे. ज्यांच्या घरी स्पॅनिश बोलतात अशा मुलांसाठी तिथल्या कित्येक विद्यापीठांत वेगळे वर्ग असतात. ती मुलं ट्रकला 'त्रोका' म्हणतात आणि पुस्तकी स्पॅनिशवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. नवख्यांबरोबर बसवलं तर 'तुझं नाव काय' ऐकून ती जांभया देतात. वरच्या वर्गात घातलं तर स्वतःच्या आईची भाषा आपल्याला येत नाही असं त्यांना वाटू लागतं. हा दुसरा प्रकार मला जास्त वाईट वाटतो. शुद्धलेखन सुधारतं, पण घरी तोंड उघडायची एकदा लाज वाटली की पोरगं आजीला हिंदीत उत्तरं द्यायला लागतं.

घरच्या बोलीने विद्वानांसमोर उभं राहायचं, ही गोष्ट काशीला नवी नाही. एकनाथांनी भागवत इथेच पुरं केलं, शके 1495 म्हणजे 1573 साली. मराठीत लिहिलं म्हणून काशीच्या पंडितांनी आधी डोळे वटारले आणि मग ग्रंथाची मिरवणूक काढली, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. उलटीही वाट इथूनच निघते. बाबूराव विष्णु पराडकर 1883 साली काशीतल्या मराठी घरात जन्मले आणि 'आज' या हिंदी दैनिकाचे संपादक होऊन त्यांनी हिंदी वृत्तपत्रांची भाषा घडवली. देशाच्या 'राष्ट्रपति'पदाचा शब्द रुळवल्याचं श्रेय हिंदीवाले त्यांनाच देतात. मराठी घरातला माणूस हिंदीला वळण लावू शकतो, तर आमच्या पोराच्या मराठीत थोडं बनारस आलं म्हणून काय बिघडलं?

बिघडतं थोडं, हेही खरं. 'मोठा व्यक्ती' मलाही खटकतो, आणि तो सुधारायलाच हवा. सरांनी लाल शाई जरूर वापरावी. माझं मागणं एवढंच की अशा मुलांचा पहिला पेपर तोंडी घ्यावा आणि परीक्षक म्हणून कुणाची तरी आजी बोलवावी. मार्क सढळ हाताने मिळतील ही भीती नको. आमच्या आईने आजवर कुणाच्या आमटीलाही पास केलेलं नाही.