झी म्हणजे नक्की कोण?

२०२४ साली महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. म्हणजे जयगडच्या पोरांनीही आता जर्मन सर्वनामं घोकायला हरकत नाही. 'इश' मी, 'दू' तू. इथवर होडी सुरळीत. पुढे 'झी'चा खडक. ती म्हणजे झी, ते सगळे झी आणि साहेबांना 'आपण' म्हणायचं तरी झीच! 'ती' निदान क्रियापदावरून सुटते. उरलेल्या दोघांचं क्रियापदही एकच. आदरार्थी झीचं पहिलं अक्षर मोठं लिहितात म्हणे. तोंडाने ते मोठं कसं काढायचं? मुलगी मात्र नपुंसकलिंगी. (हसू नका, मालवणी चेडूही तसंच.) खरी पंचाईत 'वीर'ची. आम्ही आणि आपण, दोन्हींना हा एकच शब्द. यजमान म्हणाला, 'वीर' जेवायला बसतो. आता पाहुण्याने पाट ओढायचा की चपला शोधायच्या?