धाडस, पण विमा उतरवलेलं

परदेशवारी ठरली की आपल्या मध्यमवर्गीय काकांना दोन गोष्टी हव्या असतात: जिवाला तसूभरही धोका नको, आणि परत आल्यावर सांगायला थरार मात्र हवा. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. काका त्यातलं बारीक टायपातलं एकेक कलम चष्मा पुसून वाचतात. साहसी खेळ वगळले आहेत, हे वाचल्यावर चेहरा कसा उजळतो! ‘इंटरलाकेनला पॅराग्लायडिंग करणारच होतो हो, पण पॉलिसीत बसत नाही ना!’

मग उरतं युंगफ्राउयोख. उंची 3,454 मीटर. तिथे डोंगर पोखरून 1912 पासून रेल्वे जाते आणि वर गरमागरम भारतीय जेवणही मिळतं, हे तपशील व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोत येत नाहीत. फोटोत फक्त बर्फ, कानटोपी आणि तेनसिंगांना दोन सूचना कराव्यात असा भाव.

काकूंचा प्रश्न वेगळाच: ‘पॅरिसात पाकीटमार फार म्हणे?’ त्यासाठी परकराला चोरखिसा शिवलेला असतो. (पाकीटमार खरंच आहेत, लूव्रच्या कर्मचाऱ्यांनी 2013 साली त्यांना वैतागून एक दिवस काम बंद ठेवलं होतं.)

एवढी काळजी घेऊन मंडळी सुखरूप मुंबईत उतरतात. पुण्याची टॅक्सी. रात्रभर जागलेला ड्रायव्हर एका हाताने फोनवर बोलत बोरघाटात कंटेनरला डावीकडून ओव्हरटेक करतो. मागच्या सीटवर पट्टा न लावलेले काका पुढे वाकून म्हणतात, ‘जरा दामटा हो, आमच्याकडे सातला पाणी जातं.’